डेटाबेस प्रॉक्सी की लोड बॅलन्सर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेटाबेससमोर काहीतरी मध्ये बसवायचं ठरलं की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलची आहेत. सुरुवातीचे प्रश्न पायाचे आहेत, अडचणीचे पुढे येतात. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. दोन्ही मध्येच बसतात, दोन्ही ट्रॅफिक पुढे पाठवतात. मग फरक काय?

मध्ये बसणाऱ्याला काय समजतं, हा फरक आहे. टीसीपी पातळीवरचा लोड बॅलन्सर, म्हणजे एचएप्रॉक्सीचा टीसीपी मोड, एनजिनएक्सचं स्ट्रीम मॉड्यूल किंवा क्लाउडमधला नेटवर्क लोड बॅलन्सर, फक्त कनेक्शन पाहतो. कनेक्शन आलं, एक सर्व्हर निवडला, दोन्ही टोकं जोडून दिली. त्यानंतर आतून काय जातंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ते कनेक्शन सहा तास उघडं राहिलं तर सहाही तास त्याच सर्व्हरला चिकटलेलं असतं.

डेटाबेस प्रॉक्सी डेटाबेसचा प्रोटोकॉल बोलतो. लॉगिन तो स्वतः स्वीकारतो, क्वेरी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे ओळखतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रान्झॅक्शन उघडं आहे की बंद हे त्याला कळतं. पोस्टग्रेस प्रत्येक कामाच्या शेवटी 'रेडी फॉर क्वेरी' असा संदेश पाठवतो. त्यात एकच अक्षर असतं: 'आय' म्हणजे निवांत, 'टी' म्हणजे ट्रान्झॅक्शन चालू, 'ई' म्हणजे ट्रान्झॅक्शन फसलेलं. सर्व्हरचं कनेक्शन आता दुसऱ्या क्लायंटला देता येईल का, हे पीजीबाउन्सर (पोस्टग्रेससाठीचा एक प्रॉक्सी) या अक्षरावरून ठरवतो. लोड बॅलन्सर ते अक्षर वाचतच नाही. या पानावरचे जवळपास सगळे फरक इथूनच निघतात.

२. मग डेटाबेससमोर साधा लोड बॅलन्सर लावणं चूक आहे का?

अजिबात नाही. चार रेप्लिका (मुख्य डेटाबेसच्या, वाचनासाठी ठेवलेल्या प्रती) आहेत, ॲपला फक्त वाचायचंय आणि कुठल्याही रेप्लिकेचं उत्तर चालणार आहे, अशा वेळी एचएप्रॉक्सी हे उत्तम आणि सोपं उत्तर आहे. फक्त 'राउंड रॉबिन'ऐवजी (पाळीपाळीने वाटणी) 'लीस्टकॉन' (सर्वात कमी कनेक्शनं असलेला सर्व्हर) निवडा. वेबच्या विनंत्या क्षणात संपतात, म्हणून पाळीपाळीने वाटल्या तरी भार आपोआप सारखा होतो. डेटाबेसची कनेक्शनं तासन्‌तास जगतात, त्यामुळे सध्या कुणाकडे किती उघडी आहेत हे मोजूनच नवीन कनेक्शन द्यायला हवं.

एवढं करूनही वाटणी कनेक्शनांची होते, कामाची नाही. एकाच कनेक्शनवर कुणी तासाभराचा रिपोर्ट चालवत असेल तर लोड बॅलन्सरच्या हिशेबात ते एकच कनेक्शन.

३. डेटाबेस 'टू मेनी कनेक्शन्स' म्हणतोय. लोड बॅलन्सर लावला की सुटेल ना?

प्रायमरी, म्हणजे लेखन घेणारा मुख्य सर्व्हर, एकच असेल तर नाही. लोड बॅलन्सर आलेल्या प्रत्येक कनेक्शनसाठी पलीकडे एक कनेक्शन उघडतो. ८०० आली, ८०० गेली.

पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करतो आणि त्याची मूळ मर्यादा १०० आहे. मायएसक्यूएल थ्रेड वापरतो, तिथे मूळ मर्यादा १५१. सेटिंग बदलून आकडा वाढवता येतो, पण प्रोसेसर आणि डिस्क तेवढेच राहतात. ॲपच्या ४० प्रती, प्रत्येकीचा पूल (उघडून ठेवलेल्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनांचा साठा) २० चा, म्हणजे ८०० कनेक्शनं. त्यातली बहुतेक कुठल्याही क्षणी रिकामी बसलेली असतात, तरी प्रत्येकीची मेमरी अडकलेली असतेच.

इथे लागतो तो पूलर. पीजीबाउन्सर पुढून ही ८०० कनेक्शनं घेतो आणि मागे वीस-तीसवर काम भागवतो. लावताना दोन मूळ सेटिंग्ज आधी बघा. क्लायंटची मर्यादा त्याच्यातही १०० च असते, ती वाढवली नाही तर तीच एरर आता पीजीबाउन्सरकडून यायला लागते. आणि पूलचा आकार २० हा एकूण नसून प्रत्येक यूजर-डेटाबेस जोडीमागे असतो. पाच यूजर आणि चार डेटाबेस असतील, आणि प्रत्येक यूजर प्रत्येक डेटाबेसला जात असेल, तर मागे ४०० पर्यंत कनेक्शनं उघडू शकतात.

४. ॲपमध्ये हिकारीसीपीचा (जावाची पूल लायब्ररी) पूल आहेच. बाहेर आणखी एक कशाला?

ॲपमधल्या पूलला फक्त स्वतःची प्रोसेस दिसते, शेजारच्या ३९ प्रती दिसत नाहीत. प्रतींची संख्या ठरलेली आणि थोडी असेल तर बाहेरचा पूल नका लावू, एक थर कमी सांभाळावा लागेल. ऑटोस्केलिंग असेल, सर्व्हरलेस फंक्शन्स असतील, किंवा डिप्लॉयच्या वेळी जुन्या आणि नव्या प्रती काही मिनिटं एकत्र जगत असतील, तर बाहेरचा पूल हवा. दोन्ही ठेवायला हरकत नाही, मात्र ॲपमधला पूल तेव्हा लहान करा.

५. पीजीबाउन्सरमध्ये सेशन, ट्रान्झॅक्शन आणि स्टेटमेंट असे तीन मोड आहेत. कोणता घ्यावा?

खरा फायदा ट्रान्झॅक्शन मोडमध्ये आहे, आणि धोकाही तिथेच आहे.

सेशन मोडमध्ये क्लायंट जोडलेला असेपर्यंत मागचं कनेक्शन त्याचंच. काही बिघडत नाही, पण ॲपने कनेक्शनं धरून ठेवली असतील तर बचतही फारशी होत नाही. स्टेटमेंट मोडमध्ये एकापेक्षा जास्त विधानांचं ट्रान्झॅक्शनच करता येत नाही, त्यामुळे तो क्वचित वापरला जातो. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये कमिट किंवा रोलबॅक झालं की मागचं कनेक्शन लगेच दुसऱ्याला मिळतं.

म्हणजेच, ट्रान्झॅक्शन संपल्यावरही कनेक्शनवर काहीतरी मागे उरेल या भरवशावर लिहिलेला कोड मोडतो. सगळ्यात घातक उदाहरण 'सर्च पाथ'चं, म्हणजे टेबलं कुठल्या स्कीमात शोधायची ते सांगणाऱ्या सेटिंगचं. एका डेटाबेसमध्ये प्रत्येक ग्राहकाची वेगळी स्कीमा ठेवलेली असते. विनंती आली की ॲप 'सेट सर्च पाथ' करून त्या ग्राहकाची स्कीमा लावतं, मग क्वेऱ्या चालवतं. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये तो 'सेट' ज्या कनेक्शनवर लागला ते पुढच्याच क्षणी दुसऱ्या ग्राहकाच्या विनंतीला मिळू शकतं, आणि तिला पहिल्या ग्राहकाच्या टेबलांतला डेटा दिसतो. एरर येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही, फक्त उत्तर चुकीचं असतं. टाइमझोन आणि क्लायंट एन्कोडिंगसारखी मोजकी सेटिंग्ज पीजीबाउन्सर स्वतः लक्षात ठेवून परत लावतो, बाकीची नाही. कनेक्शन साफ करणारी 'डिसकार्ड ऑल' ही आज्ञाही मूळ सेटिंगनुसार फक्त सेशन मोडमध्ये चालते.

उपाय: 'सेट'च्या जागी ट्रान्झॅक्शनच्या आत 'सेट लोकल' वापरा. सेशनभर टिकणाऱ्या ॲडव्हायझरी लॉकऐवजी (ॲपने स्वतःच्या कामासाठी मागून घेतलेला लॉक) ट्रान्झॅक्शनबरोबर सुटणारा लॉक घ्या. 'लिसन' करणाऱ्या, म्हणजे डेटाबेसच्या सूचनांची वाट पाहणाऱ्या, वर्करला थेट डेटाबेसचा किंवा सेशन मोडमधल्या वेगळ्या पूलचा पत्ता द्या. मायग्रेशनची (टेबलांची रचना बदलणारी) साधनंही थेटच जोडलेली बरी.

६. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये प्रिपेअर्ड स्टेटमेंट (एकदा तयार करून पुन्हा पुन्हा चालवायच्या क्वेऱ्या) चालत नाहीत असं ऐकलंय. अजूनही तसंच आहे?

अर्धं. पीजीबाउन्सरच्या १.२१ आवृत्तीपासून (२०२३) ड्रायव्हर प्रोटोकॉलमार्फत जी प्रिपेअर्ड स्टेटमेंट बनवतात ती या मोडमध्ये चालतात. १.२१ मध्ये त्यासाठी सेटिंग चालू करावं लागतं. एसक्यूएलमध्ये हाताने 'प्रिपेअर' लिहून बनवलेली मात्र अजूनही चालत नाहीत. जुन्या लेखांमध्ये ड्रायव्हरची ही सोयच बंद करायचा सल्ला दिसतो. नव्या आवृत्तीवर असाल तर तसं करायची गरज नाही.

७. वाचन रेप्लिकेवर, लेखन प्रायमरीवर: ही विभागणी प्रॉक्सीवर सोडावी का?

सोडता येते. प्रॉक्सीएसक्यूएल, मॅक्सस्केल, पीजीपूल-टू हे करतात. मायएसक्यूएल राउटरही ८.२ पासून करतो. पीजीबाउन्सर करत नाही, आणि टीसीपी लोड बॅलन्सरला ते शक्यच नाही, कारण क्वेरी त्याला दिसत नाही. लोड बॅलन्सरवर दोन पोर्ट ठेवून कुठल्या पोर्टवर जायचं हे ॲपने ठरवणं, एवढंच तिथे होऊ शकतं.

माझं मत असं की जिथे कोड तुमच्या हातात आहे तिथे हे दोन पोर्टच चांगले. 'सिलेक्ट'ने सुरू होणारी क्वेरी म्हणजे वाचन, ही समजूत दिसते तितकी पक्की नाही. 'सिलेक्ट फॉर अपडेट' लॉक घेतं. 'सिलेक्ट'मधून हाक मारलेलं फंक्शन आत इन्सर्ट करू शकतं. पोस्टग्रेसमध्ये 'सिलेक्ट नेक्स्टव्हॅल' सीक्वेन्स पुढे ढकलतं आणि स्टँडबायवर सरळ एरर देतं. 'विथ' ने सुरू होणाऱ्या क्वेरीच्या पोटात 'अपडेट' असू शकतं. यातली खरी वाचनं कुठली, हे कोड लिहिणाऱ्याला माहीत असतं. प्रॉक्सीला ते नियम लिहून किंवा क्वेरी उलगडून शोधावं लागतं.

कोड हातात नसेल, उदाहरणार्थ विकत घेतलेलं ॲप, तर प्रॉक्सी हाच मार्ग. तेव्हा उलट्या बाजूने सुरुवात करा: सगळं प्रायमरीकडे जाऊ द्या, प्रॉक्सीएसक्यूएलच्या क्वेरी डायजेस्टच्या तक्त्यात सर्वाधिक वेळ खाणाऱ्या क्वेऱ्या पाहा, आणि त्यातल्या ज्या थोडा जुना डेटा खपवून घेऊ शकतात तेवढ्यांसाठीच नियम लिहा. बहुतेक वेळा अशा आठ-दहा क्वेऱ्या हलवल्या तरी प्रायमरीचा श्वास मोकळा होतो.

८. आत्ताच सेव्ह केलं आणि पान रिफ्रेश केलं तर जुनंच दिसतं. प्रॉक्सी बिघडलाय का?

नाही. लेखन प्रायमरीवर झालं, वाचन रेप्लिकेवर गेलं, आणि रेप्लिका अजून तिथवर पोहोचलेली नाही. प्रॉक्सीएसक्यूएलमध्ये प्रत्येक सर्व्हरला कमाल लॅग (प्रायमरीच्या किती मागे राहिलेलं चालेल) ठरवून देता येतो, पण तो सेकंदांत मोजला जातो आणि रिफ्रेश त्याहून लवकर होतो.

टिकाऊ उपाय तीन. लिहिल्यानंतर काही क्षण त्या वापरकर्त्याचं वाचन प्रायमरीवरच ठेवायचं. किंवा आपला बदल रेप्लिकेवर पोहोचेपर्यंत थांबायचं: मायएसक्यूएलमध्ये जीटीआयडीची (ट्रान्झॅक्शनच्या ओळख क्रमांकाची) वाट पाहणारं फंक्शन आहे, मॅक्सस्केलमध्ये 'कॉझल रीड्स'. किंवा पोस्टग्रेसमध्ये सिंक्रोनस कमिट 'रिमोट अप्लाय'वर न्यायचं, ज्यात सिंक्रोनस स्टँडबायवर बदल दिसू लागल्यावरच कमिट पूर्ण होतं. या शेवटच्याची किंमत प्रत्येक लेखनाला मोजावी लागते. बहुतेक ॲपना पहिला पुरतो.

९. हेल्थ चेक हिरवा दिसतोय, तरी लिहिताना 'रीड-ओन्ली' एरर येते. असं कसं?

पोर्ट उघडा आहे एवढंच तो चेक सांगतोय. पोर्ट प्रायमरीचाही उघडा असतो आणि रेप्लिकेचाही. विचारायला हवं ते 'तुझी भूमिका काय?' हे. पॅट्रोनी (पोस्टग्रेसचा प्रायमरी निवडणारं साधन) वापरत असाल तर त्याचा आरईएसटी एपीआय पोर्ट ८००८ वर हेच सांगतो: 'प्रायमरी' या पत्त्यावर फक्त लीडर, म्हणजे प्रायमरी, २०० (ठीक आहे) असं उत्तर देतो, 'रेप्लिका' या पत्त्यावर फक्त रेप्लिका. ट्रॅफिक ५४३२ वर आणि तपासणी ८००८ वर, अशी एचएप्रॉक्सीची मांडणी करा.

मायएसक्यूएलमध्ये नुसत्या टीसीपी चेकचा आणखी एक त्रास आहे, आणि तो नेमका नको त्या वेळी वर येतो. चेक कनेक्शन उघडतो आणि लॉगिन न करताच बंद करतो. मायएसक्यूएल अशी अर्धवट कनेक्शनं त्या आयपीच्या नावावर मोजतो. मध्ये एकही यशस्वी लॉगिन न होता ती मूळ मर्यादेपलीकडे, म्हणजे १०० च्या वर गेली, की तो आयपी अडवला जातो. चालू लोड बॅलन्सरवरून खरी लॉगिनही होत राहतात, त्यामुळे मोजणी पुन्हा शून्यावर येते. पण राखीव लोड बॅलन्सरवरून फक्त चेक जात असतात. त्याच्यावर काम पडायची वेळ येते तेव्हा तो आधीच अडवलेला असतो. एचएप्रॉक्सीचा 'मायएसक्यूएल-चेक' यूजरच्या नावासकट वापरला की रीतसर लॉगिन होतं आणि हा प्रश्न उरत नाही.

१०. प्रायमरी पडला तर फेलओव्हर (दुसऱ्या सर्व्हरला प्रायमरी करणं) प्रॉक्सी करतो का?

बहुतेक प्रॉक्सी फेलओव्हर करत नाहीत, झालेला फेलओव्हर ओळखून ट्रॅफिक वळवतात. नवा प्रायमरी निवडणं हे पॅट्रोनी, ऑर्केस्ट्रेटर किंवा ग्रुप रेप्लिकेशनचं काम. मॅक्सस्केलचा मॉनिटर तेही करू शकतो, पण ते वेगळं चालू करावं लागतं.

विसरलं जातं ते जुन्या कनेक्शनांचं. सर्व्हर 'डाउन' ठरला तरी एचएप्रॉक्सी आधीची कनेक्शनं तशीच ठेवतो. जुना प्रायमरी पुरता मेलेला नसेल तर ॲप त्यावर लिहीत राहू शकतं. 'ऑन-मार्क्ड-डाउन शटडाउन-सेशन्स' हा पर्याय लावल्यावर ती तोडली जातात. लेखनाच्या पोर्टसाठी हा पर्याय मी सक्तीचाच धरेन.

११. नवीन रेप्लिका जोडली, पण तिच्याकडे ट्रॅफिकच जात नाही.

जुनी कनेक्शनं जिथे आहेत तिथेच आहेत आणि नवीन कुणी उघडत नाही (प्रश्न १ पाहा). ॲपच्या पूलमध्ये कनेक्शनचं कमाल आयुष्य ठरवा. हिकारीसीपीत ते मुळात ३० मिनिटं असतं, म्हणजे अर्ध्या तासात वाटणी हळूहळू सुधारते. प्रत्येक क्वेरीला सर्व्हर निवडणाऱ्या प्रॉक्सीत हा प्रश्न येत नाही.

१२. शांत वेळेनंतर पहिलीच क्वेरी अडकते किंवा 'कनेक्शन रीसेट' येतं.

मधल्या कुणीतरी रिकामं कनेक्शन टाकून दिलंय. ॲमेझॉनच्या नेटवर्क लोड बॅलन्सरची मूळ मुदत ३५० सेकंद आहे. एचएप्रॉक्सीच्या नमुना कॉन्फिगमध्ये क्लायंट आणि सर्व्हरची मुदत बहुधा मिनिटाहून कमी असते, जी वेबला ठीक आणि डेटाबेसला फार अपुरी. उलट लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह (रिकामं कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणारी सोय) पहिली चाचणी ७२०० सेकंदांनी पाठवतो, तोवर सगळं संपलेलं असतं. कीपअलाइव्ह मधल्या सर्वात लहान मुदतीच्या खाली आणा आणि एचएप्रॉक्सीच्या मुदती वाढवा.

१३. मग प्रॉक्सीच पडला तर?

एकच असेल तर सगळं थांबेल, म्हणून किमान दोन ठेवा. इथे दोन्ही साधनं एकत्र येतात: पुढे लोड बॅलन्सर किंवा कीपअलाइव्हडीने (एक यंत्र पडलं की आयपी दुसऱ्याकडे नेणारं साधन) फिरवलेला आयपी, मागे दोन-तीन प्रॉक्सी. पीजीबाउन्सरची एक प्रोसेस एकच थ्रेड वापरते, त्यामुळे मोठ्या भाराला तशाही अनेक प्रोसेस लागतातच. हिशेब मात्र ठेवा: एकाच यूजर-डेटाबेस जोडीसाठी तीन पीजीबाउन्सर, प्रत्येकी पूल २०, म्हणजे डेटाबेसवर ६०. प्रत्येक पॉडच्या (कुबरनेटीसमधल्या ॲपच्या प्रतीच्या) शेजारी एक प्रॉक्सी ठेवला तर पूल पुन्हा विखुरला जातो आणि तुम्ही प्रश्न ३ वर परत येता.

१४. पूल मोठा केला तरी क्लायंट रांगेतच उभे राहतात. आणखी वाढवू का?

आधी कनेक्शनं कोण धरून बसलंय ते पाहा. पीजीबाउन्सरच्या कन्सोलवर 'शो पूल्स' द्या. थांबलेल्या क्लायंटची संख्या आणि सर्वात जास्त थांबण्याचा वेळ वाढताना दिसेल. त्याच वेळी पोस्टग्रेसच्या 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी'त पाहा. तिथे बरीच सेशन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असतील, तर डेटाबेसला कामच नाहीये. ॲपने ट्रान्झॅक्शन उघडलं, मधेच बाहेरच्या एखाद्या एपीआयला हाक मारली आणि उत्तराची वाट पाहत बसलं. उत्तराला तीन सेकंद लागले तर तीन सेकंद ते कनेक्शन कुणाच्याच कामाचं नाही. अशी वीस झाली की २० चा पूल संपला. पूल ४० केला तर पुढच्या गर्दीत ४० अडकतील.

बाहेरची हाक ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा, आणि अशा रिकाम्या ट्रान्झॅक्शनवर पोस्टग्रेसची वेळमर्यादा लावा, मुळात ती बंद असते. सेशन खरोखर 'ॲक्टिव्ह' असतील आणि प्रोसेसर भरलेला असेल, तर मात्र क्वेऱ्या आणि इंडेक्स पाहायची वेळ आहे. पूल तिथेही मोठा करू नका.

१५. डेटाबेसच्या लॉगमध्ये सगळीकडे प्रॉक्सीचाच आयपी दिसतो. खरा क्लायंट कसा शोधायचा?

एचएप्रॉक्सीने आणलेला 'प्रॉक्सी प्रोटोकॉल' मूळ आयपी पुढे पाठवतो, पण समोरच्याला तो समजावा लागतो. मारियाडीबीला १०.३ पासून समजतो, पोस्टग्रेसला नाही. पीजीबाउन्सरमध्ये ॲप्लिकेशनच्या नावाला क्लायंटचा पत्ता जोडायचं सेटिंग आहे, ते चालू केलं की पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीत खरा पत्ता दिसतो. आयपीवरून परवानगी देणारे नियम मात्र प्रॉक्सीवर हलवावे लागतात, कारण डेटाबेसच्या दृष्टीने आता सगळे एकाच ठिकाणाहून येतात.

१६. क्लाउडचा तयार प्रॉक्सी घेतला तर यातलं काही बघावं लागत नाही ना?

यंत्र सांभाळायचं काम जातं, प्रश्न ५ जात नाही. ॲमेझॉनच्या आरडीएस प्रॉक्सीत सेशनची स्थिती बदलणारं काही आढळलं की ते कनेक्शन त्या क्लायंटला 'पिन' होतं. चुकीचा डेटा दिसण्यापेक्षा हे सुरक्षित आहे, पण पूलिंगचा फायदा गुपचूप नाहीसा होतो. १६ केबीहून मोठ्या विधानानेही पिन लागतं. पिन झालेल्या कनेक्शनांचा आकडा क्लाउडवॉचमध्ये (ॲमेझॉनची देखरेख सेवा) मिळतो, त्यावर लक्ष असू द्या. वाचन-लेखनाची आपोआप विभागणी हा प्रॉक्सीही करत नाही.

१७. मध्ये काहीच न ठेवता भागेल का?

लहान मांडणीत भागतं, आणि भागत असेल तर तेच करावं. पोस्टग्रेसच्या लिबपीक्यूला (त्याची मूळ क्लायंट लायब्ररी) आवृत्ती १० पासून एकाच कनेक्शन स्ट्रिंगमध्ये अनेक होस्ट देता येतात आणि 'लिहिता येणाराच सर्व्हर हवा' असं सांगता येतं. १४ पासून थेट 'प्रायमरी' किंवा 'स्टँडबाय' मागता येतो आणि १६ पासून होस्ट यादृच्छिक क्रमाने निवडता येतात. जावाच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्येही अशीच सोय आहे. पूलिंग यातून मिळत नाही, आणि होस्टची यादी बदलली की प्रत्येक ॲपचं कॉन्फिग बदलावं लागतं. दोन-तीन ॲप असतील तर ते जमतं. वेगवेगळ्या भाषांतली वीस असतील तर सगळ्यांचे ड्रायव्हर सारखे वागतील याची खात्री देता येत नाही, आणि तिथे एका पत्त्यामागे प्रॉक्सी ठेवणं सोपं पडतं.